फ्लूचा डोस, दुखरा खांदा आणि वॉशिंग्टनचं लस-न्यायालय

प्रश्न थोडक्यात असा आहे: "आम्ही न्यू जर्सीत राहतो, मी नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या एच-४ व्हिसावर आहे. गेल्या ऑक्टोबरात औषधांच्या दुकानात फ्लूचा डोस घेतला. त्याच रात्री डावा खांदा ठणकायला लागला. आता दहा महिने होत आले, तरी हात पाठीमागे जात नाही. आधी घरीच शेकलं, जानेवारीत डॉक्टरांकडे गेले, मग फिजिओथेरपी, मध्ये दोन महिने पुण्याला होते. सरकार याची भरपाई देतं असं कळलं. दावा कसा करायचा? वकील किती घेतो? ग्रीन कार्डात अडचण येईल का? नवरा म्हणतो, उगाच लसविरोधकांच्या पंगतीत जाऊन बसू नकोस."

ताई, आधी तुमच्या यजमानांच्या बोलण्याकडे वळते, कारण माझ्याकडे येणारी निम्मी मराठी माणसं हीच धास्ती घेऊन येतात. अठरा वर्षं मी वकील म्हणून हे दावे लढवते आहे आणि दर ऑक्टोबरात न चुकता फ्लूचा डोसही घेते. यात विसंगती काहीच नाही. हा कायदा झालाच मुळी लसी टिकाव्यात म्हणून.

आपल्याकडे जिला 'ट्रिपल' म्हणतात त्या घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताच्या लसीवरून १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कंपन्यांवर खटल्यांची रीघ लागली. किमती चढल्या, एकेक कंपनी लस बनवणं सोडून देऊ लागली आणि उद्या पोरांना द्यायला लसच उरणार नाही अशी वेळ आली. तेव्हा काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १९८६ मध्ये कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९८८ पासून भरपाईची योजना सुरू झाली. सौदा साधा होता. कंपनीला थेट कोर्टात खेचायचं नाही; त्याबदल्यात ज्याला खरोखर इजा झाली त्याला कुणाची चूक होती हे सिद्ध न करताही पैसे मिळतील. हे पैसे येतात प्रत्येक डोसवरच्या अबकारी करातून, एका आजारामागे ७५ सेंट. फ्लूच्या डोसवर ७५ सेंट. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या डोसात तीन आजार, म्हणून २ डॉलर २५ सेंट. म्हणजे ऑक्टोबरात तुमच्या डोसामागेही हप्ता भरला गेला आहे. विम्याचा दावा करणारा माणूस गाडीविरोधक होत नाही, तसंच हे.

आणि प्रमाण किती? सरकारी आकडेवारीनुसार साधारण दहा लाख डोसांमागे एका माणसाला भरपाई मिळते. त्यातही जवळपास साठ टक्के प्रकरणं तडजोडीची, ज्यांत लसीमुळेच झालं असं सरकारने मान्य केलेलं नसतं. त्यामुळे "एवढे अब्ज डॉलर वाटले म्हणजे लसी घातक" असं कुणी फॉरवर्ड पाठवलं तर खुशाल पुसून टाका. या भरपाईचे दावे वॉशिंग्टनच्या ज्या न्यायालयात चालतात, तिथे लसीमुळे ऑटिझम झाला असे पाच हजारांवर दावे आले होते. त्यांतली सहा प्रकरणं नमुना म्हणून सविस्तर चालली, तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, आणि २००९ व २०१० मध्ये सहाही फेटाळली गेली. हे न्यायालय दार उघडं ठेवतं, पण आत आलेल्या प्रत्येकाला जेवायला वाढत नाही.

आता तुमच्या खांद्याकडे.

तुमच्या दुखण्याला इथे सगळे 'सिर्व्हा' म्हणतात. लस टोचल्यामुळे झालेली खांद्याची इजा, एवढाच त्याचा अर्थ. दोष सहसा लसीच्या औषधात नसतो, सुईच्या जागेत असतो. सुई दंडाच्या जाड स्नायूत जायला हवी. ती वर, खांद्याच्या हाडाजवळ गेली की स्नायूखालच्या पिशवीत किंवा कंडरेत, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीत, औषध उतरतं आणि तिथे सूज धरते. हे बहुतेक वेळा कसं होतं तेही सांगते. तुम्ही खुर्चीत बसलेल्या, टोचणारी व्यक्ती उभी, आणि तुम्ही बाही वर सरकवण्याऐवजी कुर्त्याचा गळा ओढून खांदा उघडा केलेला. उभ्या माणसाला समोर दिसतो तो खांद्याचा वरचा गोल भाग, आणि सुई तिथेच जाते. म्हणून मी दर वर्षी सैल बाहीचा शर्ट घालून जाते, बाही पूर्ण वर घेते आणि टोचणाऱ्यालाही बसायला सांगते. लोक हसतात. हसू देत.

कायद्यासोबत एक तक्ता आहे: कुठली लस, कुठली इजा, किती वेळात. तुमची इजा त्या तक्त्यात बसली तर लसीमुळेच झाली असं गृहीत धरलं जातं आणि उलटं सिद्ध करायचं ओझं सरकारवर पडतं. सिर्व्हा या तक्त्यात २१ मार्च २०१७ पासून आहे. जानेवारी २०२१ मध्ये सरकारने सिर्व्हा तक्त्यातून काढून टाकायचा नियम केला, पण सरकार बदललं आणि एप्रिलमध्ये तो नियमच मागे घेतला गेला. त्या तीन महिन्यांत माझ्या फोनला उसंत नव्हती. २०२५ मध्ये आरोग्यमंत्री केनेडी यांनी ही सगळी व्यवस्था बदलण्याचा इरादा बोलून दाखवला आहे. म्हणून दावा दाखल करायच्या दिवशी तक्ता काय म्हणतो ते तुमच्या वकिलाने पुन्हा पाहायलाच हवं.

तक्त्यात बसायला चार गोष्टी लागतात. त्या खांद्याला आधी दुखणं, सूज किंवा हालचालीची अडचण नव्हती. डोसानंतर ४८ तासांच्या आत दुखू लागलं. दुखणं आणि अडकलेली हालचाल ज्या खांद्यात टोचलं त्यापुरतीच आहे. आणि मानेची नस दबणं वगैरे दुसरं कारण तपासणीत निघालेलं नाही. तुमची गोष्ट ऐकून चारही बसतील असं वाटतं. पण न्यायालय गोष्ट ऐकण्याआधी कागद वाचतं, आणि आपल्या माणसांचे दावे अडकतात ते इथेच.

एका काकांची हकिकत सांगते. मुलाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला सहा महिन्यांसाठी आले होते, मूळचे सांगलीकडचे. फ्लूचा डोस घेतला आणि उजवा खांदा गेला. तीन आठवड्यांनी मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. नर्सने विचारलं काय होतंय, काकांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं: 'हँड पेन'. मराठीत बोटांच्या टोकापासून खांद्यापर्यंत सगळा हातच. 'हात दुखतोय' म्हटलं की घरात कुणालाही कळतं. नर्सने मात्र ऐकलं तसं टंकलं: तळहाताचं दुखणं. डॉक्टरांनी बोटांचा एक्स-रे काढला! खांद्याचा पहिला उल्लेख आला अडीच महिन्यांनंतरच्या भेटीत. दावा तपासणाऱ्या सरकारी डॉक्टरांच्या अहवालात ओळ होती ती अशी की, रुग्णाने सुरुवातीला खांद्याची तक्रार केलेली नाही, त्यामुळे ४८ तासांची अट पूर्ण होत नाही. त्या एका शब्दाने दावा वर्षभर लांबला. मराठीत 'हात' म्हणजे काय याचं प्रमाणित भाषांतरकाराकडून निवेदन जोडलं, मुलाचं आणि सुनेचं प्रतिज्ञापत्र जोडलं, तेव्हा कुठे गाडी हलली.

म्हणून पुढच्या भेटीत डॉक्टरांना नेमकं सांगा. खांदा, डावा, अमुक तारखेला फ्लूचा डोस घेतला त्या रात्रीपासून. जे झालं तेच सांगायचं, एक अक्षर पुढे नाही. पण ते खांद्याला खांदा म्हणून आणि तारखेला तारीख म्हणून. भेट संपल्यावर दवाखान्याच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंद उघडून वाचा. चुकीचं लिहिलं असेल तर दुरुस्तीची लेखी विनंती त्याच आठवड्यात करा. वर्षाने केलेली दुरुस्ती वकिलाने शिकवल्यासारखी दिसते.

तुमच्या बाबतीत पहिली खोच आहे ती ऑक्टोबर ते जानेवारी ही तीन महिन्यांची पोकळी. शेकणं, हळदीचा लेप, नारायण तेल, "होईल बरं आपोआप". आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात हे मला सांगायला नको. पण सरकारचा वकील विचारणारच की इतकं दुखत होतं तर तीन महिने गप्प का बसलात. कायद्यात दुखल्याबरोबर डॉक्टर गाठलाच पाहिजे अशी अट नाही. उपचाराच्या वेळी केलेल्या नोंदींना न्यायालय जास्त वजन देतं हा १९९३ पासूनचा पायंडा आहे. पण नोंदीत नाही म्हणजे घडलंच नाही असं धरायचं नाही, हेही वरच्या न्यायालयाने २०२१ च्या कर्बी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. तर मग ती पोकळी भरायची कशाने?

तुमच्या फोनने. त्या आठवड्यात आईला, बहिणीला, मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर काय लिहिलंत ते शोधा. माझ्या एका अशिलाचा सगळा दावा एका ओळीवर उभा राहिला. डोसानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तिने साताऱ्याला आईला लिहिलं होतं: "अगं इंजेक्शन घेतल्यापासून हात वर जात नाहीये, काल कणीकसुद्धा ह्यांनी मळली." खाली आईचं उत्तर: "मीठ-पाण्याने शेक." वेळ आणि तारीख दोन्ही पडद्यावर. वकिलाकडे जायच्या कितीतरी आधीचं, कुणाला दाखवायचं नाही म्हणून लिहिलेलं, त्यामुळेच त्याला किंमत. तुमच्याकडे असं काही असेल तर पडद्याची चित्रं काढून ठेवा, संभाषण पुसू नका, फोन बदलला तर जुना विकू नका. मराठी मजकुराचं प्रमाणित भाषांतर लागतं, ते वकील करून घेतो. व्हॉइस मेसेज असतील तर तेही. यजमानांनी ऑफिसातून फोन करून काय विचारलं, शेजारणीने मुलांना शाळेत सोडायला कधी सुरुवात केली, ब्लाउजचे हुक मागून लावता येत नव्हते म्हणून तुम्ही काय घालायला लागलात, हे सगळं प्रतिज्ञापत्रात येऊ शकतं. "खूप त्रास झाला" या वाक्याने काहीच होत नाही. "नोव्हेंबरात दिवाळीच्या चकल्या दाबता आल्या नाहीत, सोऱ्या नवऱ्याने धरला" याने होतं, कारण त्याला तारीख आहे.

दुसरी खोच सहा महिन्यांची. इजेचे परिणाम डोसानंतर सहा महिन्यांहून जास्त टिकले हे दाखवावं लागतं; नाही तर शस्त्रक्रियेसह रुग्णालयात दाखल झालेलं असावं लागतं. तुम्ही ऑक्टोबरात डोस घेतलात, म्हणजे एप्रिल ओलांडल्यानंतरची एक तरी नोंद हवी. फिजिओथेरपीचा कोपे, म्हणजे विमा असूनही दर भेटीला खिशातून भरायचा वाटा, परवडत नाही म्हणून मार्चमध्येच थांबलेली किती तरी माणसं मी पाहिली आहेत. दुखणं चालूच असतं, पण कागद मार्चलाच संपतो आणि पाच महिन्यांवर दावा गुडघे टेकतो. तुम्हाला अजून दुखतंय ना? मग पुढच्या महिन्याची वाट पाहू नका. डॉक्टरांकडे जा, हात किती अंशांपर्यंत उठतो ते मोजून लिहून घ्या. दावा असो नसो, खांद्यासाठीसुद्धा ते गरजेचं आहे. जखडलेला खांदा जितका लांबवाल तितका हट्टी होतो.

पुण्याचे ते दोन महिने फुकट गेले असं समजू नका. तिथे कुणा हाडाच्या डॉक्टरांना दाखवलं, फिजिओथेरपिस्टकडे गेलात, तर तेही उपचारच. अडचण कागदांची. आपल्याकडे केस-पेपर रुग्णाच्याच हातात देतात आणि तो कपाटावरच्या पिशवीत जातो. आईला सांगून ती पिशवी शोधायला लावा. फिजिओथेरपिस्टने फक्त पावती दिली असेल तर त्यांच्याकडून लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, भेटींच्या तारखा आणि प्रत्येक वेळी काय तपासलं ते लिहून मागा. त्यांच्या वहीत जे आहे तेवढंच. आपल्या लोकांना मदत करायची फार हौस, "काय लिहून देऊ ते सांगा" म्हणतात. नको म्हणा. एकदा एका प्रमाणपत्रात दयाळू डॉक्टरांनी 'अमेरिकन लसीमुळे कायमचं अपंगत्व' असं ठोकून दिलं होतं. बाई मात्र स्वतः गाडी चालवत माझ्या ऑफिसात आल्या होत्या. तो कागद मी दाखल केला नाही.

आणखी एक गोष्ट वकिलापासून लपवू नका, ती म्हणजे मधुमेह. चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत आणि मधुमेह असणाऱ्यांत खांदा लसीशिवायही जखडतो, आणि सरकारी डॉक्टर पहिल्यांदा ते बघतात. मधुमेह आहे म्हणून दावा बुडत नाही, पण तो आधी आपल्या कागदात यावा, त्यांच्या अहवालात नव्हे. पाच वर्षांपूर्वी योगासनं करताना तोच खांदा लचकला होता का? तेही सांगा. डोसाच्या आधीच्या तीन वर्षांची आरोग्याची कागदपत्रं मागितली जातातच.

आता प्रत्यक्ष दावा. तो दुकानावर नाही, टोचणाऱ्या मुलीवर नाही, लसकंपनीवर नाही. प्रतिवादी असतो केंद्राचा आरोग्यमंत्री, बाजू मांडतात न्यायखात्याचे वकील, आणि दावा चालतो वॉशिंग्टनच्या कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, स्पेशल मास्टर म्हणतात त्या न्यायाधिकाऱ्यापुढे. ज्युरी नाही. हजार डॉलरच्या वरच्या नुकसानीसाठी आधी इथेच यावं लागतं. थेट दुकानावर राज्याच्या कोर्टात गेलात तर तो दावा टिकत नाही. बऱ्याच जणींना वाटतं, त्या बिचाऱ्या फार्मसिस्टची नोकरी जाईल. जात नाही. तिला बहुतेक वेळा समजतही नाही. तिची चूक होती का हा प्रश्नच इथे उपस्थित होत नाही.

मुदत पहिल्या लक्षणापासून तीन वर्षं. निदान झालं त्या दिवसापासून नव्हे, लसीशी संबंध कळला त्या दिवसापासूनही नव्हे. हे २०११ मध्येच पक्कं झालं आहे आणि यात सवलत मिळते ती अगदी क्वचित. मृत्यूच्या प्रकरणात मृत्यूपासून दोन वर्षं, शिवाय पहिल्या लक्षणापासून चार वर्षांच्या आत. तुमच्याकडे दोन वर्षं आहेत, पण ती कागद गोळा करण्यात जातात.

वकिलाच्या फीचं ऐकून लोकांचा विश्वास बसत नाही. या दाव्यात भरपाईतून टक्केवारी घेणं वकिलाला कायद्यानेच मना आहे. फी ठरवतं न्यायालय आणि देतो तोच निधी, तुमच्या रकमेला हात न लावता. दावा हरलात तरी, तो सद्हेतूने आणि वाजवी आधारावर केलेला असेल, तर फी मिळू शकते. ४०५ डॉलर दाखल-शुल्क असतं, तेही सहसा वकील भरतो आणि खर्चात मागून घेतो. म्हणून कुणी "तीस टक्के आमचे" म्हणाला तर तो हे काम करणारा माणूस नाही हे ओळखा. फी अशी ठरत असल्यामुळे पडेल दावे घ्यायला वकील का-कू करतात, हेही तितकंच खरं. तीन ठिकाणी नकार मिळाला तर वाईट वाटून घेण्याआधी कारण विचारा.

पैसे किती? वेदना आणि मनस्तापासाठी कायद्याने कमाल २,५०,००० डॉलर. ही मर्यादा १९८६ पासून तशीच आहे, महागाईशी तिचा काही संबंध नाही, आणि मला विचाराल तर ही या कायद्यातली सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट आहे. मृत्यूच्या भरपाईचाही आकडा तोच. खांद्याच्या दाव्यात शस्त्रक्रिया झाली नसेल तर रक्कम बहुधा पाच आकडी राहते. शस्त्रक्रिया झाली असेल तर लाखावर जाऊ शकते. त्यात तुमच्या खिशातून गेलेला उपचाराचा खर्च मिळवायचा. बुडालेला पगारही मिळतो, पण एच-४ वर कामाचा परवाना नसेल तर तो रकाना रिकामा. घरकामाला पगार नाही म्हणून त्याची किंमत शून्य धरू नका. वर म्हटलं तसं ते वेदनेच्या मोजमापात येतं, नीट सांगितलं तर.

आणि वेळ? कायद्यात २४० दिवस लिहिले आहेत. वाचून हसू येतं. स्पेशल मास्टर आठच, कायद्यानेच ठरवलेले, आणि दावे वर्षाला हजाराच्या वर. खांद्याच्या साध्या दाव्यांसाठी मुख्य स्पेशल मास्टरांकडे वेगळा कक्ष आहे. तिथे कागद चोख असतील तर बऱ्याचदा सरकार मान्य करतं किंवा आकड्यावर बोलणी होतात. तरी दोन ते तीन वर्षं धरून चाला. तुम्हाला वॉशिंग्टनला जावं लागण्याची शक्यता फार कमी. माझ्या बहुतेक अशिलांनी ते कोर्ट बाहेरूनही पाहिलेलं नाही.

ग्रीन कार्ड. कायदा विचारतो डोस कुठे दिला. नागरिकत्व विचारत नाही. अमेरिकेच्या भूमीवर डोस घेतला असेल तर एच-४ असो, विद्यार्थी असो, की पर्यटक व्हिसावर आलेले आईवडील असोत, दावा करता येतो. ते सांगलीचे काका तर निकालाच्या वेळी सांगलीतच होते. ही गरजूंना मिळणारी सरकारी मदत नव्हे, करातून साठलेल्या निधीतली भरपाई आहे. माझ्या एकाही अशिलाचा इमिग्रेशन अर्ज यामुळे अडला नाही. तरी तुमचा अर्ज चालू असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाच्या कानावर घाला. ग्रीन कार्डच्या वैद्यकीय तपासणीत एकाच दिवशी तीन-चार डोस दोन्ही दंडांत टोचून घेतलेले आपले कितीतरी लोक आहेत. त्यांनाही हाच कायदा लागू आहे, फक्त कुठला डोस कुठल्या हातात हे त्या दिवशीच लिहून घ्यायला हवं.

गुप्ततेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणारच. मूळ अर्ज आणि वैद्यकीय कागद सार्वजनिक नसतात. मात्र दावा दाखल झाला की सरकारी राजपत्रात नाव आणि ठिकाण छापलं जातं, आणि निकाल संकेतस्थळावर येतो. निकालात नावाऐवजी आद्याक्षरं टाकावीत अशी विनंती १४ दिवसांत करता येते. दर वेळी मान्य होतेच असं नाही. मंडळातल्या कुणाला कळलं तर काय, ही काळजी असेल तर ती दाखल करण्याआधी करा, नंतर नाही.

तुमच्या मैत्रिणींसाठी दोन शब्द, कारण हा मजकूर फिरणार हे मला ठाऊक आहे. हीच वाट सगळ्या लसींना नाही. सासूबाईंना दिलेला नागिणीचा डोस या योजनेत येत नाही. भारतात जाण्याआधी घेतलेली टायफॉइडची लस येत नाही, पण कावीळ-ए ची येते. जी येत नाही तिच्यासाठी राज्याच्या कोर्टात नेहमीसारखा निष्काळजीपणाचा दावा, आणि त्याची मुदत राज्याप्रमाणे याहून बरीच कमी असू शकते.

कोविडचा डोस तर तिसऱ्याच दारात जातो. त्याला २००५ च्या आणीबाणीविषयक कायद्याखालची वेगळी योजना आहे. तिथे मुदत डोसापासून फक्त एक वर्ष, वेदनेची भरपाई नाही, वकिलाची फी नाही, न्यायाधीश नाही. आरोग्यखात्यातलेच लोक निर्णय घेतात आणि फेरविचारही खात्यातच. २०२३ मध्ये त्या योजनेने कोविड लसीच्या पहिल्या तीन दाव्यांचे पैसे दिले. तिघांचे मिळून ४,६३४ डॉलर ८९ सेंट. हृदयाच्या स्नायूची सूज आलेल्या एकाला यातले हजारावर थोडे मिळाले. मी कोविडची प्रकरणं घेत नाही, घेऊन काही करता येत नाही म्हणून. ज्यांना खरी इजा झाली त्यांच्यावर हा अन्याय आहे, आणि लसींवरचा विश्वास त्याने जितका कमी केला तितका एखाद्या फॉरवर्डने केला नसेल.

तर तुमच्यासाठी उद्याचं काम एवढंच. डोस घेतला त्या दुकानातून लसीकरणाची पूर्ण नोंद मागा: तारीख, लसीचं नाव, लॉट क्रमांक, स्नायूत दिली का, आणि कुठल्या हातात. तो शेवटचा रकाना बघायला विसरू नका. बऱ्याच ठिकाणी संगणक तिथे आपोआपच एक बाजू भरून ठेवतो आणि गडबडीत कुणी बदलत नाही. तुमच्या कागदावर 'उजवा' निघाला तर घाबरू नका, तिथल्या तिथे भांडूही नका. मला आधी तो कागद दाखवा.